ऑक्टोबरमध्ये एकट्याने कॅनो घेऊन जलाशयावर मुक्काम: लहरी हवामानाचा हिशेब कसा मांडावा

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडला राहणाऱ्या, शांत पाण्यावर कॅनो चालवण्याचा बऱ्यापैकी सराव असलेल्या, पण एकट्याने मुक्कामी सहल कधी न केलेल्या माणसाने ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पानशेतच्या जलाशयावर तीन दिवस आणि दोन रात्री काढायचे ठरवले, तर दर काही तासांनी बदलणाऱ्या हवामान अंदाजाच्या भरवशावर हे नियोजन करावे तरी कसे? त्यासोबत आणखी दोन गोष्टी आपल्याला हव्या आहेत: हवा भरून वापरायची कयाक चालेल का, आणि बेत रद्द करण्याचा निर्णय नेमका केव्हा घ्यावा.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. ऑक्टोबरमधला अंदाज कितीही बारकाईने वाचला, तरी तो आपल्या तंबूपुरता खरा ठरेल अशी अपेक्षा ठेवू नये. अंदाज चुकला तरी निभावून जाईल असा मार्ग आणि असे वेळापत्रक आखावे, आणि अंदाजाकडून फक्त मोजक्या प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. ते प्रश्न कोणते, हे समजण्यासाठी या महिन्यातला पाऊस मुळात दोन वेगळ्या जातींचा असतो हे लक्षात घ्यावे लागते, कारण दोन्हींशी वागण्याची रीत पूर्णपणे निराळी आहे.

पहिली जात म्हणजे बंगालच्या उपसागरात तयार होऊन दक्षिण द्वीपकल्प ओलांडत आपल्याकडे येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्राचा पाऊस. १३ ऑक्टोबर २०२० रोजी असेच एक तीव्र क्षेत्र काकीनाडाजवळ किनारा ओलांडून तेलंगणमार्गे महाराष्ट्रात शिरले आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर, पंढरपूरपासून पुण्यापर्यंत त्याने झोडपून काढले. हा पाऊस शेकडो किलोमीटर पसरलेला असतो, एक-दोन दिवस टिकतो, आणि मुख्य म्हणजे तो येणार हे तीन-चार दिवस आधी बऱ्याच खात्रीने कळते. दुसरी जात म्हणजे स्थानिक गडगडाटी पाऊस. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी ऑक्टोबर हीटचे ऊन, अडीच-तीनच्या सुमारास डोंगरांवर चढत जाणारे ढग आणि संध्याकाळी तास-दीड तासाचा विजांचा थैमान. हा पाऊस कात्रजला पडतो आणि औंधला पडत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर किंवा १७ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री पुण्यातले रस्ते पाण्याखाली गेले तो पाऊस, हे दोन्ही काही तासांचेच होते. अशा ढगाची नेमकी जागा आदल्या दिवशी सांगणे कोणत्याही ॲपला जमत नाही. आपल्याला तीन ॲपवर तीन वेगळी उत्तरे दिसतात त्याचे कारण हेच आहे. त्यातले कोणते ‘चांगले’ हे शोधण्यात वेळ घालवू नये.

मात्र या दुसऱ्या जातीच्या पावसाची जागा सांगता येत नसली, तरी वेळ बऱ्यापैकी सांगता येते. जमीन तापल्याखेरीज हे ढग उभे राहत नाहीत, त्यामुळे सूर्योदयापासून साधारण अकरापर्यंतचा काळ बहुतेक वेळा सुरक्षित असतो, दुपारी दोननंतर धोका वाढत जातो आणि रात्री नऊ-दहाच्या पुढे तो सहसा ओसरतो. ‘सहसा’ या शब्दावर जोर देतो, कारण वरची दोन्ही उदाहरणे रात्रीचीच आहेत. तेव्हा साधा नियम असा: पहिल्या जातीच्या पावसासाठी तारीख बदलावी, दुसऱ्या जातीच्या पावसासाठी घड्याळ सांभाळावे, आणि घड्याळ चुकलेच तर तंबूची जागा आपल्याला सांभाळेल अशी निवडावी.

आता अंदाज कोणता आणि केव्हा पाहावा याविषयी. निघण्याच्या आठवडाभर आधी तासागणिक अंदाज उघडूसुद्धा नये. तेव्हा फक्त उपसागराकडे पाहावे. हवामान विभाग दर गुरुवारी विस्तारित कालावधीचा अंदाज प्रसिद्ध करतो, त्यात पुढच्या एक-दोन आठवड्यांत उपसागरात काही शिजत आहे का, आणि मोसमी वारे कुठपर्यंत माघारी गेले आहेत, एवढेच पाहायचे. पुण्यातून माघार साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होते, म्हणजे आपण निवडलेला आठवडा नेमका उंबरठ्यावरचा आहे. तीन दिवस आधी जिल्हानिहाय इशारे पाहावेत. त्यात पुणे जिल्ह्याचा घाटमाथा आणि उरलेला पुणे जिल्हा यांचे इशारे बऱ्याचदा वेगळे दिलेले असतात. पानशेतसाठी दोन्ही वाचावेत, कारण जलाशयाचा वरचा भाग घाटमाथ्याकडे सरकलेला आहे. घाटमाथ्याला किंवा जिल्ह्याला नारिंगी इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा, त्यावर चर्चा नको. पिवळा इशारा मात्र ऑक्टोबरमध्ये विजांच्या शक्यतेसाठी वारंवार दिला जातो आणि प्रत्येक पिवळ्या इशाऱ्याला घाबरून घरी बसायचे ठरवले, तर महिनाभर घरीच बसावे लागेल. पिवळ्याचा अर्थ इतकाच घ्यावा की घड्याळाची शिस्त त्या दिवशी अर्ध्या तासानेही मोडायची नाही.

प्रत्यक्ष सहलीच्या दिवसांत तीन तासांपुरते दिले जाणारे तातडीचे अंदाज आणि उपग्रहाची ताजी चित्रे सर्वांत उपयोगी ठरतात. विजांसाठी पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप घ्यावे. आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर ते दाखवते. अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे. पानशेतच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या बेचक्यांत, मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि जिथे मुक्काम करावासा वाटतो तिथे ती हमखास नसते. म्हणून सकाळी जिथे रेंज असेल तिथेच दिवसाचा निर्णय घेऊन टाकावा आणि नंतर ॲप नसल्याप्रमाणेच वागावे.

रेंज नसलेल्या ठिकाणी मी एक जुनी वस्तू आवर्जून सोबत ठेवायला सांगतो: मध्यम लहरी पकडणारा छोटा ट्रान्झिस्टर. विजेच्या प्रत्येक लखलखाटाबरोबर मध्यम लहरींवर ‘खर्र’ असा तुटक आवाज येतो. केंद्र लागत नसलेल्या जागी काटा ठेवून आवाज थोडा मोठा केला, की डोंगरापलीकडचा न दिसणारा ढगही ऐकू येतो. दर दोन-तीन मिनिटांनी एखादी खरखर येत असेल तर ढग दूर आहे. ती दाट होत गेली आणि प्रत्येक खरखर अधिक जोरकस झाली, तर आवराआवर सुरू करावी. एफएमवर हे होत नाही, त्यामुळे मोबाइलमधला रेडिओ या कामाचा नाही.

याउलट, घड्याळातल्या वायुभारमापकावर फार भिस्त ठेवू नये. थंड देशांतल्या पुस्तकांत आणि चित्रफितींत ‘दाब उतरू लागला की वादळ येते’ असे सांगितलेले असते. आपल्या अक्षांशावर हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो, आणि हा रोजचा चढउतार तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. त्यामुळे रोज दुपारी घड्याळ ‘वादळ येतंय’ असे सांगत राहते आणि तिसऱ्या दिवशी माणूस त्याच्याकडे लक्ष देणे सोडून देतो. दाब पाहायचाच असेल तर काल याच वेळी किती होता त्याच्याशी ताडून पाहावा.

आकाश वाचणे अधिक भरवशाचे आहे. दुपारी बारापर्यंत डोंगरमाथ्यावर उंच वाढणारे, वरून फुलकोबीच्या गड्ड्यासारखे गुबगुबीत ढग दिसू लागले, तर संध्याकाळी कुठेतरी नक्की गडगडणार. त्यांचा माथा पसरून चपटा आणि कडा पुसट झाल्या, की त्या ढगात वीज तयार झाली आहे असेच समजावे. ऑक्टोबरमध्ये असे ढग बऱ्याचदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतात. पावसाळ्यातल्या सवयीने आपण पश्चिमेकडे पाहत बसतो आणि ढग पाठीमागून येतो.

वेळापत्रक यातूनच ठरते. ऑक्टोबरच्या मध्याला पुण्यात सूर्योदय साडेसहाच्या आसपास आणि सूर्यास्त सहा-सव्वासहाला होतो. झुंजुमुंजू होताच तंबू उतरवावा, सात वाजता पाण्यात असावे आणि साडेदहाला, फार तर अकराला, पुढच्या मुक्कामाच्या जागी किनाऱ्याला लागावे. पहाटे पाण्यावर धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबावे, किंवा किनारा नजरेआड न करता सावकाश जावे. सामानाने भरलेली कॅनो एकट्या माणसाला शांत पाण्यात ताशी चार-साडेचार किलोमीटर नेता येते. समोरून वारा असेल तर हा वेग सहज निम्म्यावर येतो. म्हणून दिवसाचे अंतर आठ किलोमीटरच्या पुढे धरू नये. कागदावर हे फारच थोडे वाटते. तीन दिवसांची सहल काढून दिवसाला साडेतीन तासच वल्हवायचे, मग उरलेल्या दिवसाचे करायचे काय, असे बहुतेकांना वाटते, आणि दुपारी तीन वाजता ‘जरा पलीकडच्या खाडीपर्यंत जाऊन येतो’ म्हणून निघण्याचा मोह तिथूनच सुरू होतो. वाचायला पुस्तक न्यावे, झोप काढावी, गावात चहा प्यावा. दुपारी होडी पाण्यात घालू नये.

मार्गाविषयी. पानशेतच्या जलाशयाची निवड चांगली आहे. आंबी नदीच्या अरुंद खोऱ्यात तो वेडावाकडा पसरलेला असल्यामुळे ठिकठिकाणी आडोशाच्या खाड्या मिळतात, आणि शिरकोलीमार्गे घोलकडे जाणारा रस्ता बराच काळ पाण्याच्या जवळून जातो. एकट्याच्या सहलीत मी प्रत्येक टप्प्याला एकच कसोटी लावतो: होडी इथेच बांधून ठेवून, पाठीवर फक्त पाणी आणि विजेरी घेऊन, उजेड असताना रस्त्यापर्यंत किंवा वस्तीपर्यंत चालत जाता येईल का? ज्या टप्प्याला याचे उत्तर ‘नाही’ असेल, तो टप्पा कितीही देखणा असला तरी पहिल्या सहलीतून काढून टाकावा. नकाशावर उतरण्याच्या अशा जागा आधीच खुणा करून ठेवाव्यात, दोन खुणांमधले अंतर अर्ध्या तासाच्या वल्हवण्यापेक्षा जास्त नसावे, आणि शक्य असेल तर आधीच्या रविवारी दुचाकीवर जाऊन त्या जागा डोळ्यांनी पाहून याव्यात. उपग्रहाच्या चित्रात जिथे उतरता पट्टा दिसतो, तिथे प्रत्यक्षात कमरेएवढ्या गवताखाली मुरमाचा कडा असू शकतो.

याला आणखी एक कारण आहे. १५ ऑक्टोबरचा पाणीसाठा हा आपल्याकडे सिंचनाच्या हिशेबातला महत्त्वाचा आकडा असतो. रब्बीचे आणि पिण्याच्या पाण्याचे नियोजन त्यावर होते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये धरणे काठोकाठ ठेवलेली असतात. पानशेतचा उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि तो पूर्ण असताना जानेवारी-फेब्रुवारीत उघडी पडणारी सपाट गाळपेर जमीन पाण्याखाली असते. उन्हाळ्यातली छायाचित्रे पाहून निवडलेली तंबूची जागा ऑक्टोबरमध्ये दोन पुरुष खोल पाण्याखाली असते. धरण भरलेले असताना वर पाऊस झाला, तर येणारे पाणी सांडव्यावरून सोडावेच लागते. म्हणून भिंतीकडच्या भागात वल्हवायचे नाही आणि भिंतीखालच्या नदीपात्रात तर तंबू अजिबात लावायचा नाही. रोज प्रसिद्ध होणारे साठ्याचे आणि विसर्गाचे आकडे त्या आठवड्यात पाहत राहावेत. विसर्ग अचानक वाढला असेल, तर आपल्या ॲपने दाखवला नसला तरी पाणलोटात पाऊस पडून गेला आहे, हे त्यावरून कळते. भाटघरचा विचार पुढे कधी केलात तर हे अधिकच लक्षात ठेवावे, कारण तिथले दरवाजे स्वयंचलित आहेत आणि पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते कोणाच्या आदेशाची वाट न पाहता उघडतात.

उजनीचा मोह मात्र पहिल्या एकट्या सहलीसाठी टाळावा. भिगवणचे पक्षी कितीही खुणावत असले, तरी तिथे पाणी अतिशय रुंद आहे, भोवती आडोसा देणारे डोंगर नाहीत आणि लाट मोठी होण्यासाठी वाऱ्याला जो मोकळा पल्ला लागतो तो भरपूर आहे. मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला, तो याच जलाशयात. पानशेतसारख्या अरुंद पाण्यात लाटा तेवढ्या वाढत नाहीत. तिथला धोका वेगळा असतो. खोऱ्याच्या लांबीच्या दिशेने वारा नळीतून यावा तसा येतो आणि खाडीच्या टोकाशी वळताना एकदम अंगावर आदळतो. त्यामुळे टोके वळताना थांबून पलीकडचे पाणी पाहावे. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला असेल, तर वारा ताशी वीस किलोमीटरच्या घरात आहे असे समजून वळूच नये.

मुक्कामाची जागा हा या सगळ्या नियोजनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण रात्री पाऊस आला तर दुसरा कोणताही निर्णय आपल्या हातात उरत नाही. पहिली गोष्ट ओढ्याची. खाडीच्या आतल्या टोकाला जिथे ओढा जलाशयाला मिळतो, तिथे हमखास छान सपाट जागा, सावली आणि झुळझुळ पाणी असते, आणि नेमकी तीच जागा नाकारायची असते. ती सपाट आहे कारण ओढ्यानेच ती गाळ टाकून बनवलेली आहे. आपल्या डोक्यावर चांदणे असताना दोन किलोमीटर वर डोंगरात पाऊस पडला, की तो ओढा अर्ध्या-पाऊण तासात रंग बदलतो. गवत एका दिशेने झोपलेले आहे का, झुडपांच्या फांद्यांत काटक्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या किती उंचीवर अडकल्या आहेत, हे पाहावे. या पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आले होते त्याची नोंद तिथे असते. जलाशयाच्या पाण्यापासून उभ्या उंचीत किमान दोन-तीन मीटर वर आणि ओढ्यापासून बाजूला, डोंगराच्या सोंडेच्या उतारावर मध्यावर जागा शोधावी.

मध्यावर म्हणण्याचे कारण वीज. सोंडेचा माथा, पाण्यात घुसलेले उघडे टोक आणि एकटे उभे झाड या तिन्ही जागा विजेच्या दृष्टीने वाईट आहेत. सारख्या उंचीच्या खुरट्या झाडीतला उतार त्यातल्या त्यात बरा, पण तंबू विजेपासून संरक्षण देत नाही हे लख्ख ध्यानात ठेवावे. पक्के घर, चार भिंतींचे देऊळ, शाळा किंवा बंद काचांची मोटार यांनाच आसरा म्हणता येते. चार खांबांवरचे पत्र्याचे छप्पर म्हणजे आसरा नव्हे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडू नये. म्हणूनच माझा आग्रह असा राहील की दोनपैकी निदान पहिली रात्र वस्तीच्या जवळ काढावी. मावळात ट्रेकर मंडळींना गावच्या देवळात पथारी टाकू देण्याची रीत जुनीच आहे; दुपारी उतरल्यावर गावात जाऊन ‘रात्री पावसाने धरलंच तर देवळात आलो तर चालेल का?’ असे विचारून ठेवावे. भात कापणीला आलेले असताना त्या लोकांचेही डोळे आभाळाकडेच लागलेले असतात. आज ढग कुठून येणार याविषयी त्यांचे आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांचे मत ऐकून घ्यावे. त्यांनी जाळी लवकर ओढायला घेतली असतील, तर आपण तंबूचे ताण पुन्हा एकदा तपासावेत.

किनाऱ्याला लागल्यावर तंबूच्या आधी होडीची व्यवस्था लावायची. वादळाच्या पहिल्या झोतात रिकामी कॅनो पानासारखी उडते आणि एकट्या माणसाची होडी गेली की परतीचा मार्गच गेला. ती पाण्यापासून वर ओढून पालथी घालावी, दोन्ही टोके दोन वेगवेगळ्या खोडांना, आणि तीही खोडाच्या अगदी बुंध्याशी, दोराने बांधावीत. फांदीला बांधलेला दोर वाऱ्यात सैल पडतो. वल्ही आणि लाइफ जॅकेट होडीखाली न ठेवता तंबूत घ्यावीत. होडी सुटली तरी ती आपल्याजवळ राहिली पाहिजेत.

हवा भरून वापरायच्या कयाकविषयी माझे मत असे आहे की सकाळच्या शांत पाण्यासाठी ती ठीक आहे, पण या सहलीसाठी तिच्या मर्यादा मान्य करून दिवसाचे अंतर आठऐवजी पाच किलोमीटरवर आणावे. ती पाण्यावर उंच तरंगते, तिचा फार थोडा भाग पाण्याखाली असतो, त्यामुळे वारा तिला बाजूला ढकलत नेतो आणि निम्मी ताकद दिशा राखण्यातच जाते. तळाला लावायचे सुकाणूपाते अवश्य लावावे. दुपारच्या उन्हात ती किनाऱ्यावर ठेवताना थोडी हवा सोडावी, नाहीतर शिवणीवर ताण येतो, आणि सकाळी पुन्हा भरण्यासाठी पंप कोरड्या पिशवीत हाताशी ठेवावा. पक्क्या बांधणीच्या कॅनोत एकट्याने बसताना वजनाची मांडणी हा खरा प्रश्न असतो. पाठीमागे बसले की नाक वर उचलले जाते आणि समोरचा वारा ते फिरवून टाकतो. समोरून वारा असेल तर पाण्याचे कॅन आणि सामान पुढे सरकवून नाक किंचित जड करावे, पाठीमागून वारा असेल तर तेच सामान मागे घ्यावे. पाच लिटरचे दोन कॅन एवढ्यासाठी फार उपयोगी पडतात, आणि प्यायचे पाणी तर न्यायचेच असते.

एवढे करूनही पाण्यात असताना गाठलेच, तर पुढचे घटनाक्रम साधारण असे असतात. आधी वारा पूर्ण पडतो आणि उकडायला लागते. मग एकदम गार झोत येतो. हा गडगडाटी ढगातून खाली कोसळून पसरलेल्या थंड हवेचा असतो आणि पावसाच्या पाच-दहा मिनिटे आधी पोहोचतो. लांबवर पाण्याचा रंग बदलून एक काळपट रेघ आपल्याकडे सरकताना दिसते. ती रेघ दिसली की मुक्कामाचा किनारा, सोयीचा किनारा हा विचार सोडून सर्वांत जवळचा किनारा धरायचा, मग तो चुकीच्या बाजूचा का असेना. कॅनोत बाकावर न बसता तळाशी गुडघे टेकावेत, त्याने तोल खाली येतो. लाटेला होडीची कूस देऊ नये; नाक लाटेशी थोडे तिरके ठेवून छोटे, भरभर वल्हे मारावेत. किनाऱ्याला लागल्यावर होडी अर्धी ओढून सोडून न देता बांधावी आणि मग पाण्यापासून दूर जावे.

लाइफ जॅकेट अंगावर आणि बंद केलेले असले पाहिजे, बैठकीखाली ठेवलेले चालणार नाही, आणि शिट्टी त्याला बांधलेली हवी. उलटलेल्या होडीत खोल पाण्यातून पुन्हा चढणे आपल्याला एकट्याने जमते का, याची परीक्षा निघण्याआधी, सोबत जाणकार माणूस असताना, सामानासह द्यावी. ते जमत नसेल तर सहल पुढे ढकलावी. हवामान कितीही उत्तम असले तरी. ऑक्टोबरमध्ये जलाशयाचे पाणी गारठवून टाकणारे नसते, पण भिजलेले कपडे, वारा आणि रात्री अठरा अंशांच्या आसपास उतरणारे तापमान एकत्र आले की माणूस कुडकुडतो आणि कुडकुडणारा माणूस चुकीचे निर्णय घेतो. सुती कपडे टाळावेत, आणि एक पूर्ण कोरडा जोड व पांघरूण दुहेरी पिशवीत बांधून ठेवावे, जे मुक्कामाशिवाय उघडायचे नाही. तंबूची चेन कायम लावलेली असावी, कारण पावसानंतर रात्री साप कोरडी जागा शोधतात. मण्यार तर अंथरुणात शिरण्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

परवानगीचे काम आधी उरकावे. हा पिण्याच्या पाण्याचा साठा आहे आणि धरण जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते. होडी घालण्याविषयी त्यांच्या स्थानिक कार्यालयात विचारून, मिळाल्यास लेखी परवानगी सोबत ठेवावी, आणि ती मिळाली नाही तर जागा बदलावी. मुळशीचा जलाशय टाटा पॉवरकडे असल्याने तिथली चौकशी वेगळी करावी लागते. पवनेच्या काठावर व्यावसायिक तंबूंची सोय आहे, पण तिथल्या ध्वनिवर्धकांच्या शेजारी एकट्याने राहण्याचा हेतू साधणे कठीण आहे.

रद्द करण्याच्या निर्णयाविषयी शेवटी लिहितो, कारण तो खरे तर निघण्याच्या आधीच कागदावर लिहून ठेवायचा असतो. घरातून निघताना उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र असेल आणि त्याचा अपेक्षित मार्ग महाराष्ट्रावरून असेल, नारिंगी किंवा लाल इशारा असेल, किंवा धरणातून सांडव्यावाटे विसर्ग चालू असेल, तर निघायचे नाही. पहिल्या सकाळी दहाच्या आत गडगडाट ऐकू आला तर पाण्यात उतरायचे नाही, कारण सकाळी गडगडणारे ढग दुपारच्या उन्हाने बनलेले नसतात. ते मोठ्या प्रणालीचा भाग असण्याची शक्यता जास्त असते. सलग दोन रात्री झोप झाली नसेल तर तिसऱ्या दिवशी वल्हवत न येता रस्त्याने परतायचे आणि होडी नंतर आणायची. तारखा बदलणे आपल्या हातात असेल तर दिवाळीनंतरचा पंधरवडा मला अधिक पसंत आहे: विजा बहुतेक थांबलेल्या असतात आणि पाणी अजून भरलेले असते, फक्त पांघरूण जाड लागते.

घरच्या माणसाकडे एक कागद देऊन ठेवावा. त्यावर मार्गाचा नकाशा, दोन्ही मुक्कामांच्या जागा, जवळच्या गावांची नावे, होडीचा आणि तंबूचा रंग, गाडी कुठे लावली आहे ते ठिकाण आणि गाडीचा क्रमांक असावा. रोज सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान, रेंजच्या जागेवरून, एक संदेश पाठवण्याचे ठरवावे. रेंज न मिळाल्याने एखादा संदेश चुकू शकतो, म्हणून पहिल्या चुकलेल्या संदेशाला घाबरू नये; पण तिसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत आपला फोन आला नाही, तर घरच्यांनी चारपर्यंत वाट पाहावी आणि मग ११२ वर तो कागद समोर धरून माहिती द्यावी, म्हणजे अंधार पडण्याआधी शोध घेणाऱ्यांच्या हाती दोन तास राहतात.